टाकीतली काळी दाढी

शेवाळ दोन जातीचं असतं. एक हिरवं. ते काचेवर धरतं आणि ब्लेडने खरवडलं की सालीसारखं सुटून येतं. दुसरं काळं. ते पानांच्या कडेला, पाण्यातल्या लाकडावर बारीक केसांच्या झुपक्यांनी उगवतं, आणि ओढायला गेलं तर पान फाटतं पण ते सुटत नाही. आमच्या घरात त्याला दाढी म्हणत. परवा सुनेचा फोन आला. तिने दिवाणखान्यात हौसेने माशांची टाकी मांडली आहे, झाडं लावली आहेत, दिवे तर असे की लग्नाचा मांडव मागे पडावा. "आई, पानांना काळं काहीतरी आलंय. तुमच्या माहेरी टाकी होती ना? तुम्ही काय करायचात?" मी म्हटलं, "मार खायचो." ती हसली. तिला वाटलं, सासूबाईंची नेहमीची तिरकी जीभ. फोन ठेवल्यावर म्हटलं, आता हे एकदा लिहूनच टाकावं.

आमचं घर लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यावर होतं. खाली शेड, वर आम्ही. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेलार गावच्या शेतकरी घरातले. भिवंडीत येऊन आधी दुसऱ्याच्या लूमवर राबले आणि मग स्वतःचे लूम टाकले. दिवसपाळी, रातपाळी, खटखट अखंड चालू. तो आवाज कानांनी ऐकायचा नसे, तो पायांतून वर चढत असे. ताटातलं वरण थरथरायचं. देव्हाऱ्यातली घंटा कोणी न हलवता किणकिणायची. घरात आम्ही बोलायचो ते ओरडून, आणि फार सांगायचं नसेल तर ओठांवरूनच समजून घ्यायचो. लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा पहिल्या रात्री शांततेने मला झोप लागेना, सासूला वाटलं पोरगी माहेरच्या आठवणीने जागी आहे. माहेरची आठवण! घरात वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी असली की आप्पा बोटं चाटत जेवत आणि बिरड्यात मीठ कमी पडलं की तीच वाटी आईच्या तोंडावर फेकत. दोन्हींमध्ये एका घासाचं अंतर.

टाकी आप्पांनी मुंबईच्या कुणा कापडवाल्याच्या पेढीत बघितली आणि त्यांच्या डोक्यात ती भरली. काच आणली, लोखंडी स्टँड केला, हॉलमध्ये खिडकीशेजारी ठेवली. माझी आई अकलोलीची. तिथे तानसा नदीच्या पात्रात पाण्याखाली लांब पात्यांची हिरवी झाडं वाहत्या पाण्याबरोबर डुलत असतात. आईच्या भावाने ती गोणपाटात गुंडाळून आणून दिली. आप्पांनी ती एकेक करून रेतीत लावली. काय सांगू, तो माणूस तसा मी कधी पाहिला नव्हता. दंडापर्यंत हात पाण्यात, जीभ दातांत धरलेली, आणि एकेक मुळी अशी हलकेच बोटांनी दाबत होते की जणू तान्ह्या पोराला पाळण्यात निजवतायत. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला रडू आलं, रागाने. त्या बोटांना हे येत होतं तर. येत होतं आणि आमच्यासाठी ती कधी वापरली नव्हती.

दिवसभर ट्यूब पेटवून ठेवायची, बघत बसायचं. आल्या-गेल्याला दाखवायचं. एक डोळा टाकीतल्या माशांवर, एक ताटातल्या बोंबलावर. मग काही आठवड्यांनी नदीवरून आणलेल्या एका पानाच्या कडेला काळा झुपका दिसला. आधी एक, मग चार, मग टाकीतला लाकडाचा ओंडका बुरसटल्यासारखा काळा पडला. आप्पांनी टाकीसमोर उभं राहून आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. "बघ," ते म्हणाले, "तुझ्या माहेराची घाण." आणि तिच्या केसांना धरून तिचं तोंड काचेवर आपटलं. काचेला काही झालं नाही. आईच्या नाकातून रक्त आलं आणि काचेवर त्याचा एक ओघळ राहिला, तो पुसायला त्यांनी मलाच सांगितलं.

त्या दिवसापासून टाकीची दाढी हा आमच्या घरातला देव झाला, आणि त्याला बळी लागायचा. पान काळं झालं की आई. माझ्या हातून खाद्य जास्त पडलं की मी. टाकीशेजारी जुन्या लूमचा चामडी पट्टा खिळ्याला टांगलेला असायचा. आप्पा आईला आतल्या खोलीत ओढत नेत, मी बाहेर हॉलमध्ये टाकीपाशी उभी. ब्लेड घेऊन मी काच खरवडायची ती कुणाचा तरी जीव घ्यायला निघाल्यासारखी. नखांनी झुपके उपटायची, पानं चिरायची, ओंडका बाहेर काढून घासणीने असा रगडायची की बोटांची सालं जायची. माझ्या मनात त्या शेवाळाला तोंड होतं आणि ते कुणाचं होतं हे सांगायला नको. पण ते उपटलं की चार दिवसांत दुप्पट यायचं. आईला आणि मला एकच ध्यास होता. ही दाढी गेली की मार थांबेल. आज मला माहीत आहे की दाढी नसती तर भात करपला असता, दार जोरात लागलं असतं, काहीही चाललं असतं. पण तेव्हा आम्ही दोघी ह्या एका गोष्टीवर जीव टांगून बसलो होतो.

आणि ह्या सगळ्याचा आवाज बाहेर जात नसे. खाली लूम. आई ओरडली तरी शेजारच्या खोलीत मला तिचं तोंड फक्त उघडलेलं दिसायचं. शुक्रवारी मात्र लूमला सुट्टी. त्या दिवशी वीजही दिवसभर नसायची. गल्लीत पिठाच्या गिरणीपाशी कोण शिंकलं तेही घरात ऐकू यायचं. आणि शुक्रवारी आप्पा देवमाणूस. आईला "अगं" म्हणायचे, मला जवळ बसवून टाकीतले मासे मोजायला लावायचे. लहानपणी मला वाटायचं, शुक्रवार हा संतोषी मातेचा वार, तिचाच हा प्रताप. आई तो उपास करायची, आंबट खायची नाही. आप्पा शुक्रवारीच का बदलत ते मला कितीतरी उशिरा उमगलं, आणि उमगलं त्या दिवशी मी मातेचा फोटो उलटा करून ठेवला.

मग तो शुक्रवार आला. आप्पांच्या ओळखीचा एक माणूस कापड पांढरं करण्याच्या कारखान्यात होता. तिथे कोऱ्या कापडाचा पिवळेपणा काढायला पेरॉक्साइड वापरतात. कुणीतरी आप्पांना सांगितलं की ते शेवाळाला मारतं. खरंच मारतं, सून नंतर म्हणाली, दुकानात त्याच्या पातळ बाटल्या मिळतात, थेंब मोजून घालतात. आप्पांनी त्या कारखान्यातला कॅन उचलून आणला. आई म्हणाली, "जरासाच टाका हो, उग्र हाय त्यो." त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. थेंब मोजणारा माणूस नव्हताच तो. कॅन कलता केला आणि ओतला. टाकी खदखदायला लागली. पानापानातून पांढरे बुडबुडे, दाढीचे झुपके बघता बघता तांबडे झाले, आणि आप्पा टाळ्या पिटत होते, "मेली! बघ, मेली!" मग मासे वर यायला लागले. उलटे. एक काळा मासा काचेवर डोकं आपटत आपटत गोल फिरला आणि थांबला. नदीवरून आणलेली ती लांब पाती उकडलेल्या भाजीसारखी लोळली.

आप्पांनी खिळ्याचा पट्टा काढला. "तू बोललीस म्हणून झालं. तुझी नजर." तो दिवस कोणता आहे हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. आईच्या मात्र राहिलं. पहिला पट्टा खांद्यावर बसला तेव्हा मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. इतकी वर्षं मी तो फक्त बघितला होता. ओल्या कपड्याने दगड झोडावा तसा. दुसरा बसला. आईने आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरला होता. मग तिने तो काढला, खिडकीपाशी गेली, गज दोन्ही हातांनी धरले आणि ओरडली, "ह्यो मला मारतंय! आयका रं सगली! ह्यो मला रोज मारतंय!" आयुष्यात तिने नवऱ्याला 'हे' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. गल्लीतली माणसं जागच्या जागी थिजली. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई हातात चादर घेऊन तशीच. आप्पांनी तिचा उजवा हात गजांवरून सोडवायला मागून पिरगाळला आणि आतमध्ये काहीतरी तुटल्याचा आवाज आला. तोही मी ऐकला. तोही सगळ्यांनी ऐकला.

खाली शेडमध्ये रफीकचाचा होते. ते आमचे जॉबर. लूम बिघडला की दुरुस्त करणारे, आणि शुक्रवारी बंद लूमना तेलपाणी करायला तेच येत. जिना चढून ते दारात येऊन उभे राहिले, हातात तेलाची कुप्पी तशीच. मेलेल्या माशांकडे बघितलं, आईच्या लोंबणाऱ्या हाताकडे बघितलं. "सेठ," एवढंच म्हणाले. मग आईला विचारलं, "भाभी, रोज?" आईने मान हलवली नाही, खाली बघितलं नाही, नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. चाचांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. ते म्हणाले, "आम्ही खाली असायचो. आम्ही रोज खाली असायचो." आप्पा शांत झाले होते. लोकांसमोर ते नेहमीच शांत होत. चाचा जिना उतरेपर्यंत आप्पा थांबले आणि आईच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज ओरडून घेतलंस. उद्या लूम चालू होतील ना?"

आईचा हात हाडवैद्याकडे नेऊन बांधला, पडली म्हणून सांगितलं. संध्याकाळी मी मेलेले मासे पिशवीत घालून टाकायला उतरले आणि शेडच्या दारात थांबले. "चाचा, उद्या तो तिला मारून टाकेल." चाचा म्हणाले, "मंदा, लूम चालू झाला की वरचं काही खाली येत नाही बेटा. आना चाहिए ना कान तक! समजणार कसं मला?" मी वर बघितलं. तेही वर बघायला लागले. आमच्या खिडकीतून एक प्लॅस्टिकची नळी शेडच्या भिंतीतून आत खाली आणलेली होती. टाकीचं पाणी फारच वास मारायला लागलं की आप्पा मला त्यातलं थोडं ह्या नळीने खाली सोडायला लावत. शेडची जमीन ओली राहिली की सूत कमी तुटतं, म्हणून पाणी वाया जात नसे. नळीचं तोंड बरोबर चाचांच्या अवजारांच्या टेबलाशेजारी होतं. चाचांनी नळीच्या तोंडाला बोट लावलं. "पाणी आलं की मी समजेन," ते म्हणाले. "पण खोटं पाणी सोडू नकोस. एकदा खोटं सोडलंस तर लूमवरचे कारीगर दुसऱ्यांदा उठणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी लूम सुरू झाले. घंटा किणकिणायला लागली, वरण थरथरायला लागलं. आप्पा जेवले. पोट भरून जेवले, ताक मागून घेतलं. मग उठून खिळ्यावरून पट्टा काढला आणि आईला बांधलेल्या हातालाच धरून आतल्या खोलीत नेलं. दार लोटलं. मी टाकीपाशी धावले, नळीचा वरचा सुटा तुकडा पाण्यात बुडवला आणि पाणी ओढण्यासाठी दुसऱ्या टोकाला तोंड लावून शोषलं. पाण्यात अजून ते औषध होतं. ओठ, जीभ, हिरड्या पेटल्या. थुंकत मी तो तुकडा खिडकीतल्या नळीच्या तोंडात खोचला आणि पाणी पळालं. टाकीची पातळी उतरायला लागली. खाली लूम चालूच होते. दाराच्या फटीतून मला आप्पांचा हात वर जाताना दिसत होता, खाली येताना दिसत होता. पाणी उतरतंय, हात उतरतोय, आणि खटखट तशीच. मला वाटलं चाचा टेबलाशी नाहीत. मला वाटलं ते विसरले. मी टाकीवर कपाळ टेकवून देवाला नाही, त्या पाण्याला शिव्या घालत होते.

मग आवाज थोडा पातळ झाला. तुम्हाला कळणार नाही, पण त्या घरात वाढलेल्या माणसाला एक लूम थांबला तरी तळपायाला कळतं. एक थांबला. दुसरा. मग कोपऱ्यातले, मग भिंतीकडचे, आणि शेवटचा एक लूम एकटाच खटखटत राहिला आणि तोही थांबला. घंटा गप्प झाली. त्या शांततेत पट्ट्याचा एक फटका पडला, तो लूमच्या भरवशावर आधीच सुटलेला होता, आणि त्याच्यामागून आईचं विव्हळणं जिन्याने खाली गेलं. आप्पा खोलीतून बाहेर आले. पट्टा हातातच. जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडले, "लूम कुणी बंद केले?" खालून चाचांचा आवाज आला, "धागा तुटला, सेठ."

"सगळ्यांचा?"

"हां सेठ. सबका."

लूम चालवताना ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की लूम थांबवून तो जोडावा लागतो, त्यात काही नवल नाही. पण सगळ्या लूमचा धागा एकाच वेळी तुटायला भूकंपच व्हावा लागेल. आप्पा जिन्यावर दोन पायऱ्या उतरले. खाली सगळे कारीगर लूम सोडून जिन्याकडे तोंड करून उभे होते. आप्पा परत वर आले, पट्टा खिळ्याला अडकवला, आणि तेव्हा कुठे खाली पहिला लूम सुरू झाला. माझ्या ओठांची साल निघाली होती. "तू काय करतेस टाकीपाशी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पाणी बदलतेय. दाढीसाठी."

हा खेळ लगेच संपला असं कुणी समजू नये. मोडेल पण वाकणार नाही अशा जातीचा माणूस होता तो. त्यांनी चाचांना काढायची धमकी दिली, तर कारीगर म्हणाले आम्हीही निघतो. त्यांनी तोंड दाबून मारून बघितलं, चिमटे काढून बघितले, एकदा स्वयंपाकघरात उलथनं तापवून आईच्या पोटरीवर ठेवलं. पण हात उठला की पाणी सुटायचं, आणि पाणी सुटलं की धागा तुटायचा. खाली कसं कळतं हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यांना वाटायचं, चाचा भिंतीला कान लावून बसतो. कितीदा तरी टाकी अर्धी उपसली गेली आणि मी विहिरीच्या पाण्याने ती परत भरली. मामाने पुन्हा नदीवरून झाडं आणली, आप्पांनी नवे मासे सोडले. आणि त्या नव्या झाडांवर दाढी धरेना. ओंडका स्वच्छ, पाती हिरवीगार. इतकं पाणी बदलल्यावर शेवाळाला उपजीविकाच उरली नाही. आप्पा पाहुण्यांना कौतुकाने दाखवत, "औषध बिवषध काय नाय. पाणी बदलत राहायचं. आमची मंदा किती बदलते विचारा." पाहुणे मान डोलवत. आई चहा घेऊन यायची, डाव्या हाताने. उजवा हात त्यानंतर खांद्याच्या वर कधी गेला नाही. वेणी माझ्याकडून घालून घ्यायची.

आता ती शेड नाही. तिथे कुठल्याशा कंपनीचं गोदाम आहे, खोके येतात, खोके जातात, आवाज नावाला नाही. मागच्या वर्षी मी तिथून जाताना उगाच थांबले आणि तळपायाने काही ऐकू येतं का बघितलं. रखवालदाराने विचारलं, "काय पायजे मावशी?" काय सांगणार त्याला.

पण एक दिवस मला सांगायचाच आहे. मी टाकीत खाद्य घालत होते आणि एका पात्याच्या कडेला मला काळा झुपका दिसला. मी नखाने तो उपटायला हात पाण्यात घातला तेवढ्यात आप्पा मागे येऊन उभे राहिले. त्यांनीही तो बघितला. खाली लूम जोरात चालू होते. आई भाकरी थापायची परात तशीच टाकून दारात आली. आप्पांचा हात खिळ्याकडे गेला, पट्ट्याला लागला. आणि मग मी बघितलं की ते ऐकतायत. मान किंचित कलती करून, जमिनीकडे बघत, लूमचा आवाज ऐकतायत, आता थांबतो की मग थांबतो म्हणून. नळी कोरडीच होती, मी तिला हातही लावला नव्हता. लूम चालूच होते. हात पट्ट्यावर तसाच राहिला, किती वेळ कोण जाणे, आणि मग खाली आला. "चहा टाक," ते म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

मी पुन्हा हात पाण्यात घातला. दाढी का आली ते मला तेव्हा कळलं. पाणी सोडायची वेळ येऊन किती आठवडे झाले होते ते मला आठवेना. आईला मी ओठांनीच सांगितलं, काढते म्हणून. तिने माझं मनगट धरलं आणि हात पाण्याबाहेर काढला. वाकून, काचेला नाक लावून, ज्या काचेवर तिचं तोंड आपटलं होतं तिथेच, ती त्या काळ्या झुपक्याकडे बघत राहिली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "वाढू दे त्याला."